ठोक्याची वाट

चष्म्याच्या दुकानातून खाली येऊन बाहेर पडताना, इमारतीच्या दारातच झेफानिया सेब्बोवाचे पाय जमिनीला चिकटले. तो घसरला नव्हता, धडपडला नव्हता. जिना त्याने नीट उतरला होता, कठड्याला हातही न लावता, आणि कापडाच्या दुकानांमधल्या बोळातून चालत तो दारापर्यंत आला होता. दारात पिवळी फरशी संपत होती, मग पितळेची एक बारीक पट्टी, आणि पट्टीच्या पलीकडे रस्त्याचं सिमेंट. त्या पट्टीवर त्याची नजर पडली आणि पाय थांबले. डोकं म्हणालं, चल. छाती, खांदे, हात सगळे पुढे झुकले. पाय मात्र दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे तिथेच राहिले. नुसत्या टाचा थरथरत होत्या. आयुष्यभर त्याने रेषा काढल्या होत्या. जमीन मोजणीच्या कचेरीत, उतरत्या टेबलाशी उभं राहून, काळ्या शाईने. इथपर्यंत अमक्याचं, इथून पुढे तमक्याचं. त्याने ओढलेल्या केसाएवढ्या रेषेपुढे मोठमोठे जमीनदार तोंड मिटून उभे राहायचे. आणि आता पितळेची एक रेषा त्याला सांगत होती, म्हाताऱ्या, तुझी हद्द इथे संपली.

मागे माणसं साचायला लागली. “म्झे, अहो आजोबा, चला की पुढे!” कुणीतरी ओरडलं. ओरडणाऱ्याच्या डोक्यावर गुंडाळलेली गादी होती आणि तिचं टोक झेफानियाच्या मानेला लागत होतं. “दार आहे हे, उभं राहायची जागा नाही!”

“वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलतात का रे?” एका बाईने त्याला झापलं.

“नाही बोलत, मावशी. पण डोक्यावर गादी असली की बोलतात!”

हशा पिकला. हसणं वाईट नव्हतं, कंपालामधलं रोजचंच हसणं होतं ते, पण झेफानियाच्या कानशिलांवर ते गरम पाण्यासारखं सांडलं. एका भल्या माणसाने त्याचा दंड धरून त्याला ओढलं. वरचं अर्धं शरीर त्या माणसाबरोबर गेलं, खालचं अर्धं राहिलं, आणि सिमेंट एकदम चेहऱ्याजवळ आलं. तेवढ्यात नानोझीचा आवाज ऐकू आला, “सोडा त्यांना. ओढू नका.” ती फोनवर बोलत पुढे रस्त्यावर गेली होती, ती परत आली होती. त्याची मुलगी. इंजिनियर. पायांत चिखलाचे बूट, केस कापडात घट्ट बांधलेले. तिने त्याचा हात धरला नाही. जवळसुद्धा आली नाही. दाराशेजारी एका बंद दुकानाचं लोखंडी शटर होतं, त्याच्याशी ती उभी राहिली आणि तळव्याने एक ठोका दिला. मग बोटांच्या पेरांनी दोन हलके. मग थोडं थांबून पुन्हा तळवा. “अहो बाई, दुकान आहे ते, फोडताय काय!” आतून कुणीतरी ओरडलं. तिने तिकडे पाहिलं नाही. ती फक्त त्याच्या पायांकडे बघत होती. आणि झेफानियाच्या लक्षात आलं की ते आपल्याला ऐकू येण्याआधी पायांना ऐकू आलंय. उजवी टाच उचलली गेली. पितळेची पट्टी खालून सरकली. पुढचा ठोका पाऊल जिथे पडणार होतं तिथे आधीच येऊन थांबला होता. तो चालला. भर बाजारात, शटरच्या तालावर, सूट घातलेला म्हातारा माणूस चार पावलं डौलात चालला, आणि गादीवाला मागून ओरडला, “अरे वा म्झे, नाचता काय!”

घरी जाताना टॅक्सीच्या मागच्या बाकावर तो तिच्या शेजारी दाटीत बसला होता. नवा चष्मा खिशात तसाच होता. त्याने विचारलं, “कसं काय सुचलं तुला ते?”

“सुचलं नाही, ताता,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “हात गेला.”

हात गेला. हे शब्द घेऊन तो घरी आला, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला, बायकोने, देबोराने, आणून दिलेला चहा दोन्ही हातांनी धरून पीत राहिला, तरी ते शब्द काही संपले नाहीत. कंपवात आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याला हातांचं वाईट वाटलं होतं. पाय जातील हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि त्याने ऐकलं नसेल. आणि आता ‘हात गेला’ या शब्दांत एक हात कुठेतरी गेला होता, आपला आपण, न विचारता, आणि त्याचे पाय घेऊन परत आला होता. तो हात कुठून निघाला होता ते त्याला माहीत होतं. तो निघाला तेव्हा नानोझीचे पुढचे दोन दात पडलेले होते. तेव्हा ती दिसेल ते बडवायची. ताटं, खिडकीची तावदानं, धाकट्या भावाचं डोकं, मटोकेची हिरवी केळी वाफवायच्या पातेल्याचं झाकण. देबोरा शाळेची मुख्याध्यापिका, दिवसभर मुलांचा गोंगाट ऐकून यायची आणि घरात हे. “हिला कुठेतरी घाला,” ती वैतागून म्हणाली होती. “कुठेही. फक्त माझ्या कानांपासून लांब.” टेकडीवर चर्चच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये काबुये मास्तर शनिवारी मुलांना नाच शिकवायचे. मुली कमरेला कातडं बांधून नाचायच्या, मुलगे ढोल वाजवायचे. तिथे तो नानोझीला घेऊन गेला. तिला नाचणाऱ्या मुलींच्या रांगेत उभं केलं. ती उभीच राहिली. कंबर हलेना. सगळा वेळ तिची मान उलट्या बाजूला, ढोलांकडे. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. शेवटी काबुये मास्तर हात पुसत बाहेर आले. ते बुटके होते, आवाज मात्र खोल विहिरीतून आल्यासारखा. म्हणाले, “सेब्बोवासाहेब, मुलगी तुमची चांगली आहे. पण तिला जे हवंय ते मी मुलींना शिकवत नाही. बायका ढोलाला हात लावत नाहीत. तुम्ही मुगांडा आहात, आपल्याच लोकांतले, तुम्हाला काय सांगायचं.”

झेफानिया भांडखोर माणूस नव्हता. कचेरीत त्याने कधी आवाज चढवला नव्हता. आजही त्याला कळत नाही की तेव्हा बोलायचं बळ त्याला कुठून आलं. एवढंच आठवतं की मागच्या फणसाच्या झाडाखाली नानोझी एकटी बसली होती, आत चाललेला ताल आपल्या गुडघ्यावर धरून, आणि तिचं बोट कुठेही चुकत नव्हतं. आतला मुलगा चुकला तेव्हा तिचं बोट थांबलं, त्याची वाट बघितली आणि तो परत आल्यावर त्याच्याबरोबर चालू लागलं. “मास्तर,” तो म्हणाला होता, “ते बोट बघा.” मास्तरांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. मग ते आत गेले आणि सगळ्यात छोटा, काड्यांनी वाजवायचा ढोल उचलून बाहेर आले.

त्यावरून घरात काय महाभारत झालं! त्याचा थोरला भाऊ योसिया रविवारी चर्चनंतर जेवायला यायचा, कॉफीचा व्यापारी, पोटावर घड्याळाची साखळी. शेंगदाण्याच्या रश्शात बोटं बुडवून तो म्हणाला होता, “झेफानिया, तुझी शाई डोक्यात गेली काय? पोरीला ढोल? उद्या तिच्याशी लग्न कोण करणार, राजवाड्यावरचा वादक?” “करेना का,” देबोरा पटकन म्हणाली होती, “निदान या घरात तरी शांतता होईल.” सगळे हसले होते आणि विषय तिथे संपला नव्हता. चर्चमध्ये बायका देबोराकडे वळून बघायच्या. कचेरीतले सहकारी सोमवारी टेबलावर बोटांनी ताल धरून त्याला चिडवायचे. झेफानिया हसून वर्तमानपत्र उघडायचा. वर्तमानपत्राच्या आड त्याच्या चेहऱ्यावर काय असायचं हे कुणी पाहिलं नाही. ते हसू होतं. लाजेचं नव्हतं. त्याच्या मुलीला जे येत होतं ते या खोलीतल्या कुणालाही येत नव्हतं, एवढंच त्याला माहीत होतं, आणि तेवढं त्याला पुरायचं.

तो दर शनिवारी तिला घेऊन टेकडी चढायचा आणि शिकवणी संपेपर्यंत फणसाच्या मुळावर बसून राहायचा. आत जायची पालकांना परवानगी नव्हती. बाहेर बसून तो ऐकायचा. पहिले काही महिने त्याला तिचा ढोल ऐकूच आला नाही. मोठी मुलं वाजवायची, लहान मुली नाचायच्या, पण तो छोटा ढोल गप्प. एकदा घरी येताना त्याने न राहवून विचारलं, “तुला मास्तर वाजवू देत नाहीत का गं?”

“नाही.”

“मग काय करतेस तू तिथे बसून?”

“हात मांडीवर ठेवते.”

“आणि?”

“आणि ऐकते. मास्तर म्हणतात, तुझी जागा येईल तेव्हा तुला कळेल. नाही कळली तर अजून आली नाही.”

“आणि कंटाळा नाही येत?”

तिने त्याच्याकडे असं बघितलं की हा प्रश्न मोठ्या माणसाला शोभत नाही. “ताता,” ती म्हणाली, “थांबायला पण शिकावं लागतं.” आणि उतारावरून पळत सुटली.

मग एके शनिवारी तो बसला होता आणि आतल्या सगळ्या दणदणाटात एक बारीक, कोरडा, नेमका आवाज मिसळला. मिसळला म्हणजे इतका सहज की तो सुरू कधी झाला हे त्याला सांगता आलं नसतं. फक्त एवढंच कळलं की नाचणाऱ्या मुलींची पावलं एकदम हलकी झालीत, जणू जमीनच कुणी किंचित वर उचलून धरलीय. तो उठून उभा राहिला होता. का ते त्याला कळलं नाही. शेजारी बसलेल्या बायका, आपापल्या मुलींना घ्यायला आलेल्या, त्याच्याकडे बघायला लागल्या, तेव्हा तो पँट झटकून परत बसला. आता या व्हरांड्यात, थंड होत गेलेल्या चहाचा कप धरून, त्याला वाटलं की आज बाजारात त्याच्या पायांखालची जमीन अशीच किंचित वर आली होती.

ती पुढे कित्येक वर्षं जात राहिली. मोठ्या शाळांच्या स्पर्धेत एकदा नाच ऐन रंगात असताना तिच्या ढोलाचं कातडं फाटलं. तो प्रेक्षकांत होता, त्याने ते फाटलेलं बघितलं, एक काळी फट. नानोझीचा हात कडेच्या लाकडावर सरकला. आवाज निम्म्याहून कमी झाला, पण ताल तिथेच राहिला, आणि पुढच्या रांगेतल्या एकाही मुलीचं पाऊल चुकलं नाही. परीक्षकांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. मास्तरांच्या संघाला बक्षीस मिळालं नाही. परतीच्या बसमध्ये काबुये मास्तरांनी नानोझीला आपल्या शेजारच्या बाकावर बसवलं, आणि ती जागा त्यांनी त्याआधी कुणालाही दिली नव्हती. मग ती विद्यापीठात गेली, स्थापत्य शिकायला, आणि ढोल सुटला. भांडण नाही, दुःख नाही, मूल वाढतं तसे कपडे सुटतात तसा सुटला. काबुये मास्तर वारले तेव्हा ती मातीला गेली, गुडघे टेकून बसली, परत आली आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेचा पेपर लिहिला. त्या वर्षी नाताळच्या जेवणाला योसिया दात कोरत म्हणाला, “मग? इतके शनिवार गेले. त्या ढोलाचं पुढे झालं काय?”

“काही नाही, काका,” नानोझी हसून म्हणाली. “आईच्या कानांना सुट्टी मिळाली.”

झेफानियाला उत्तर द्यायचं होतं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण आहे याची खात्री होती, हरवलेली किल्ली घरातच आहे याची असते तशी. पुढे एकदा ती त्याला आपलं काम दाखवायला घेऊन गेली. मोठ्या इमारतीचा पाया भरला जात होता. काँक्रीटची यंत्रं गरगरत होती, इतका आवाज की स्वतःचा विचार ऐकू येऊ नये. कंत्राटदार, बैलासारखा माणूस, तिच्यावर ओरडत होता. आज ओतायचंच, उद्या पाऊस, माणसं थांबवून ठेवू का, वगैरे. नानोझी ऐकत होती. हात शांत, बाजूला. तो ओरडून ओरडून दमला. तो दमल्यावरही ती थोडी थांबली. आणि मग, अगदी त्याच्या श्वासाच्या फटीत, म्हणाली, “शेवटचं यंत्र अडखळतंय. माल घट्ट होतोय त्यात. बंद करा ते, मग ओता.” सगळ्यांनी माना वळवल्या. कुणालाही काही वेगळं ऐकू आलं नाही. यंत्र उघडलं, तर आत एक पातं वाकलेलं होतं. कंत्राटदार आश्चर्याने तिच्याकडे बघत राहिला. झेफानियाला मात्र पात्याचं आश्चर्य वाटलं नाही. तो त्या थांबण्याकडे बघत होता. ते त्याने ओळखलं. मांडीवर ठेवलेले ते रिकामे हात त्याने ओळखले, आणि त्या धुळीत, डोक्यावर उसनं पिवळं हेल्मेट घालून, त्याला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

बाजारातल्या त्या दिवसानंतर घरातली दारं बदलली. म्हणजे दारं तीच, पण प्रत्येक दाराला एक पट्टी फुटली. न्हाणीघराचा उंबरा, व्हरांड्याची कड, गालिचा संपतो ती जागा. तो यायचा आणि रुजायचा. रोज सकाळी नानोझी कामावर जायच्या आधी त्याच्यापुढे गुडघे टेकून नमस्कार करायची, लहानपणापासून करायची तशीच, पण आता तिची नजर खाली वाकली की त्याच्या पायांवर जायची, आणि त्याला ते कळायचं. ती भिंतीवर, टेबलावर, दाराच्या चौकटीवर ताल द्यायची आणि तो चालायचा. ती नसली की देबोरा द्यायची. देबोराचा ताल म्हणजे शाळेची घंटा. “चला, चला, चला!” आणि टेबलावर भाजीच्या डावाचे ठोके. पाय घाबरून अजूनच रुतायचे. “माझं ऐकायचं नाही हे त्यांनी लग्नाच्या दिवशीच ठरवलंय,” ती म्हणायची, आणि दोघं हसायची, आणि तो तिथेच उभा असायचा. नानोझीने फोनमध्ये ताल भरून दिला. तो घरात थोडा चालला. पण फोनला पाय दिसत नव्हते. पाऊल अर्धा क्षण मागे पडलं की फोन आपला पुढे निघून जायचा. नानोझीचा ठोका तसा नव्हता. तो थांबायचा. पायाला यायला उशीर झाला तर ठोका दारात उभा राहायचा, पाहुण्याची वाट बघत.

आणि मग एका सकाळी त्याने ते ऐकलं. ती अंगणात फोनवर होती, त्याला वाटलं होतं गेली असेल. उत्तरेला, गुलूच्या पलीकडे नदीवर पूल व्हायचा होता, सगळं काम तिच्या हाताखाली देणार होते. हे तिने जेवताना एकदा सांगितलं होतं, मीठ मागावं तितक्या सहज. आता ती म्हणत होती, “नाही. नाही जमणार मला. घरी वडील आहेत.” एवढंच. त्यात कुरकुर नव्हती. कुरकुर असती तर बरं झालं असतं. झेफानिया व्हरांड्याच्या कडेशी उभा होता आणि या वेळी त्याचे पाय आजाराने थांबले नव्हते. त्याला दिसलं की आपण एक रेषा झालोय. काळ्या शाईची. मुलीच्या पायापुढे ओढलेली.

संध्याकाळी तो तिला म्हणाला, “मला शिकव.”

“काय?”

“ते. तू वाजवतेस ते. माझं मला आलं तर तू कशाला लागशील?”

ती हसली नाही. समोर बसली, उलटी परात दोघांमध्ये ठेवली. कितीतरी संध्याकाळी ती दोघं बसली. त्याचा हात थरथरायचा आणि एका ठोक्याचे चार व्हायचे. पण अडचण ती नव्हती. “असं,” ती म्हणायची. “असं म्हणजे कसं?” “असं.” तिला ते सांगता येत नव्हतं. पोहणाऱ्याला पाणी समजावून सांगता येत नाही तसं. शेवटी तिने परात बाजूला सारली. “ताता, मला येतं हो, पण शिकवता येत नाही. शिकवणं मास्तरांना यायचं. आता नाकायिझा घेते तिथे वर्ग. माझ्या बरोबरीची, नाचायची ती.”

“कधी?”

“शनिवारी. पण लहान मुलांचा वर्ग आहे तो.”

“मी कुठे मोठ्यांचा मागतोय?”

शनिवारी मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून तो टेकडी चढला. देबोरा दुसऱ्या मोटरसायकलवर, पर्स छातीशी धरून, वाटभर त्याला “सांभाळा” आणि आपल्या चालकाला “हळू” असं ओरडत. शेड तीच होती, पत्रे नवे. नाकायिझा उंच, कडक, गळ्यात शिट्टी. तिने अदबीने गुडघा वाकवला. “या, सेबो, या साहेब. नातवंडाला आणलंत?”

“नाही. मीच आलोय.”

तिला वाटलं चेष्टा आहे. मग तिने त्याचे हात बघितले, पाय बघितले. त्याने सगळं सांगितलं, शटरचं, पितळेच्या पट्टीचं, नदीवरच्या पुलाचं. ती म्हणाली, “तुम्हाला वेगळी वेळ देते. इथे मुलं हसतील.”

“हसू देत. त्यांच्या हसण्यात ताल असतो.”

“आणि मी ओरडते.”

“काबुये मास्तर ओरडायचे नाहीत.”

“ते काबुये मास्तर होते,” नाकायिझा म्हणाली. “आई, तुम्ही बाहेर बसा. पालकांना आत परवानगी नाही.” देबोरा, जिने आयुष्यभर शाळा चालवली होती, ती फणसाच्या मुळावर जाऊन बसली.

त्याला वाजवायला मिळालं नाही. हात मांडीवर. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, हे तर सोपं आहे. मग कळलं की थरथरणारे हात मांडीवर ठेवून ऐकणं ही किती अवघड गोष्ट आहे. ढोल समोर आहेत, सगळीकडून आवाज अंगावर येतोय, आणि आपण त्यात उडी घ्यायची नाही, मागेही सरायचं नाही. आपलं पाऊल कुठे आहे हे शोधत बसायचं. त्याच्या मुलीने हे केलं होतं, दात पडलेल्या वयात, न रडता, शनिवारमागून शनिवार. तो बाहेर फणसाच्या मुळावर बसला होता तेव्हा आत एवढं चाललं होतं. त्याला आपल्या मुलीचा अभिमान आजवर बाहेरून वाटत आला होता, जसा एखाद्याला आपल्या गावच्या डोंगराचा वाटतो. आता तो त्या डोंगराच्या आत बसला होता. आणि एकदा, ढोल थांबल्यानंतरच्या शांततेत, त्याला ऐकू आलं की ताल थांबलेला नाही. तो आत कुठेतरी, बरगड्यांच्या खाली, हळू चाललाय. तो उठला आणि शेडचा उंबरा ओलांडून देबोरापर्यंत गेला. कुणी काही वाजवलं नाही. देबोरा बघत राहिली. तिने टाळी वाजवायला हात उचलले, मग आपला ताल आठवून घाईघाईने खाली ठेवले.

दर वेळी जमायचं असं नाही. काही दिवस पाय ऐकायचेच नाहीत. पण नानोझीने एका सकाळी अंगणाच्या फाटकाशी उभं राहून त्याला खाटेपासून तिथपर्यंत येताना पाहिलं, दोनदा थांबून, दोनदा डोळे मिटून, आणि ओठ हलवत. तो पोचला तेव्हा तिने फाटकाची कडी काढली. मग म्हणाली, “मधे एकदा घाई केलीत.”

“केली.”

“तिथे थांबायचं.”

“शिकतोय,” तो म्हणाला. “तू आता फोन कर त्यांना. पूल थांबायचा नाही.”

ती पुलाच्या कामाला गेली तेव्हा घर मोठं झालं. योसिया त्या रविवारी काठी टेकत आला. झेफानिया त्याला घ्यायला फाटकापर्यंत गेला, एकटा, हळू, मांडीवर बोटं आपटत. योसिया तोंडाचा आ करून उभा. “गेल्या महिन्यात तुला दोघांनी धरून चर्चमध्ये आणला होता. कुठल्या दवाखान्याचं औषध हे?”

“काबुये मास्तरांच्या.”

“ते तर कधीच गेले.”

“हो,” झेफानिया म्हणाला. “पण नानोझीने जपून ठेवलं होतं.” आणि आपल्या भावाचा चेहरा बघून त्याला इतकं समाधान वाटलं की ते थोडं पापच असावं.

वर्गात आता त्याला ढोल मिळाला होता, सगळ्यात मागचा. पालकांसमोर वाजवायचा दिवस जवळ आला होता आणि नाकायिझाची शिट्टी थांबत नव्हती. मुली नाचत होत्या, मुलं-मुली मिळून ढोल वाजवत होती, आणि या गर्दीत तो, सूट काढून, बाह्या दुमडून, आपल्या जागेची वाट बघत. जागा आली. त्याने हात उचलला. ठोका घसरला, एकाचे तीन झाले, पुढच्या रांगेतली मुलं गोंधळली, नाचणाऱ्या मुली एकमेकींवर आदळल्या आणि सगळं कोसळलं.

शिट्टी कर्कश वाजली. “कोण चुकलं?”

मुलं आपापल्या ढोलांकडे बघत राहिली. एकही मान मागे वळली नाही. ती मुलं त्याला सांभाळून घेत होती, म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यावं तशी, आणि झेफानियाला ते नको होतं. अमुक हद्दीचा नकाशा कुणी काढला असं विचारल्यावर कचेरीत तो उभा राहायचा तसा तो उभा राहिला. ताठ. त्याने हात वर केला. सगळ्यांना दिसेल इतका उंच, आणि तो थरथरत होता, तर थरथरू दिला.

“मी चुकलो, मास्तर,” तो म्हणाला.

नाकायिझाने त्याच्याकडे क्षणभर बघितलं. चेहरा तसाच कडक ठेवला.

“मग बसा खाली,” ती म्हणाली. “पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांनी.”